थांब म्हणणारी तार

रात्री दोनच्या सुमाराला माझे पाय उठतात.
मी नाही. पाय.
चादरीखाली गुडघा एकदम वर येतो,
टाच खाटेच्या पट्टीवर टकटक टकटक,
कुणी दार वाजवत असावं तशी,
आणि आई अंथरुणातूनच ओरडते,
"हालला! लगमा, हालला की रं पाय!"

मी लाइनमन. अकरा वर्षं निपाणीत.
खांबावरून पडलो तो शॉक लागून नव्हे,
हे सांगून सांगून दमलो;
लोखंडी पायरी दवानं ओली होती, एवढंच.
छातीचा दहावा मणका.
त्याच्या खाली आता माझं काही नाही,
म्हणजे आहे सगळं,
पण मला कळवत नाही.

बेळगावात अंकलगी डॉक्टरीणबाई
गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात.
पाय असा उडतो की त्यांची फाईल खाली पडते.
"हे मेंदूला विचारून होत नाही," फाईल उचलत म्हणाल्या,
"ठोक्यानं स्नायू ताणला, ताण मज्जारज्जूत गेला,
तिथूनच हुकूम माघारी आला."
म्हटलं, म्हणजे मेन लाइन तुटली
तरी सबस्टेशन चालू आहे?
"हौदु. पण अजून एक ऐक."
एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी वांगं काढलं, वांग्याला देठ.
"ह्या देठातून रात्रंदिवस निरोप उतरतात.
त्यातले कितीतरी 'चल' म्हणणारे नसतात.
'थांब' म्हणतात. 'सावकाश.' 'एवढं नको.'
ते आता तुझ्या पायांपर्यंत पोचत नाहीत."

परतीच्या गाडीत, तवंदीचा घाट चढताना,
खिडकीतून एकेक खांब मोजत होतो.
वाटायचं, चढणं म्हणजे जोर.
कमरेला पट्टा, दातांत पक्कड, एका पायावर तोललेला मी,
तेव्हा आत किती जण गुपचूप
'थांब, थांब' म्हणत असतील,
एकाचाही आवाज कधी ऐकला नाही.

आई उंबऱ्यात बसते, मांडीवर सूप.
रस्त्यावरच्या बाईशी बोलते, तिच्या सुनेची चौकशी करते,
आणि बोटं पान वळतात, तंबाखू भरतात,
तोंड दुमडतात, दोरा फिरवतात.
दिवसाला हजार. नजर एकदाही खाली नाही.
तिला म्हटलं, आई, पाय हालतो तो असाच,
तुझ्या हातांसारखा. बरा होतोय म्हणून नव्हे.
ती बराच वेळ वळत राहिली.
मग म्हणाली, "हातास्नी वळाय येतंय बाबा.
पर जेवाय ऊठ म्हणून कुणीतरी सांगाय लागतंय."
आणि दोरा दातानं तोडला.

त्या रात्रीपासून ती ओरडत नाही.
टकटक सुरू झाली की उठते,
माझ्या पायथ्याशी बसते, दिवा लावून,
फिजिओच्या पोरानं दाखवलं तसं
पायाचा अंगठा हळूच खाली वळवते,
विडीचं तोंड दुमडावं तसा.
तिचा हात मला लागत नाही. दिसतो फक्त.

काल लाइट गेली.
कुठला फीडर ट्रिप झाला असेल,
कोण आता टॉर्च घेऊन निघालं असेल,
सवयीनं डोक्यात आलं.
अंधारात टाच वाजत होती.
वाजत होती.
मग थांबली.

तेवढ्यावरून ओळखलं, आई उठलीय.