चौथा

शनिवारी रात्री उद्यमनगरातल्या भट्ट्या थंड असतात.
आमच्या पॅटर्न शॉपच्या पोटमाळ्यावर
सोळा जण, दोन टेबलं, एक मिचमिचणारी ट्यूब.
चिप्सच्या जागी लोखंडी वॉशर, पंचवीसचे,
आणि पितळी बुश, शंभराचे.
शमा मुजावरनं घरून कुकरचा टायमर आणलेला:
वीस मिनिटांनी तो किंचाळला की ब्लाइंड दुप्पट.
बक्षीस, हुपरीचे चांदीचे पेले.
थोरला, मधला, धाकटा.
चौथ्याला घरी जायची मोकळीक.

मी चौथा आलो.

आता अडीच वाजता रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
एकेक डाव पुन्हा वाटतोय.

पहिल्या तासात भरमू चौगुले गेला.
सत्ती-दुर्री आली तरी गडी आत.
‘आलोय कशाला मग? दुसऱ्याचं बघत बसायला?’
ब्लाइंड अजून चिल्लर होते, घाई कुणालाच नव्हती,
त्याला तेवढी होती.
मग खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला त्यानं.
चहा मात्र फक्कड.

मलगोंडा पाटलानं ब्लफ मारला,
आणि मारला कुणाला, तर बापू शिकलगारला!
ज्याच्या दारात बंद पडलेली राजदूत
वीस वर्षं उभी आहे,
तो माणूस हातातले पत्ते टाकेल?
पंज्यांची जोडी घेऊन बापू शेवटपर्यंत बसून राहिला
आणि ढीग ओढताना ओशाळून म्हणाला,
‘टाकायला जमतच न्हाई बघ मला.’
पुढचे तीन डाव मलगोंडा पत्त्यांशी नाही,
बापूशी खेळला.
चौथ्या डावाला त्याची खुर्ची रिकामी.

मी हसलो दोघांना.
मी शहाणा. मी वाट बघत होतो.
टाक, टाक, हेही टाक,
राजा-राणी आली तरी समोर कुणी खाकरलं की टाक.

चोवीस वर्षं लाकडाचे पॅटर्न करतोय मी.
ओतीव लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून मीटरमागे दहा मिलिमीटर
आधीच जास्त धरायचे असतात.
हे झोपेतसुद्धा सांगेन कुणालाही.
पण माझ्या समोरचा ढीग
दर किंचाळीला आकसत होता,
आणि त्याची वाढ
मी कुठंच धरली नव्हती.

उरलो चौघं.
बापूसमोर डोंगर, शमासमोर टेकडी,
माझ्याकडं अकरा बुश,
आणि कुंभोजे मास्तरांकडं
दोन वॉशर. फक्त दोन.
पुढच्या डावाचा ब्लाइंड त्यांच्यावरच येणार होता.
शमानं रात्रभर सगळ्यांचे ढीग नजरेनं मोजले होते;
ती शांतपणे शेंगदाणे सोलत बसली.
मी बघत होतो माझे दोन पत्ते.

बदामचा एक्का. सोबत किलवरची चौकी.
फार दिवसांनी आलेल्या पाहुण्यासारखा एक्का,
सोबत कोण आलंय ते विचारायचं राहूनच गेलं.
ढकलले सगळे बुश.
समोर बापू. दोन सत्त्या.
त्यानं टाकले नाहीत, हे सांगायला नको.
पाच पत्ते उलटले,
त्यात एक्का नव्हता.

जिना उतरेपर्यंत वर टाळ्या.
मास्तर पुढच्याच डावाला गेले होते, तिसरे म्हणून.
धाकट्या पेल्यात भरमूचा चहा ओतून
फुंकर मारत पीत होते म्हणे.

तळ्यावरून गार वारं येतंय.
रुमाल काढायला खिशात हात घातला
तर हाताला बुश लागला.
पितळी. शंभराचा.
डावाच्या नादात कधी खिशात गेला, आठवत नाही;
दिसला बुश की घाल खिशात,
हाताला चोवीस वर्षांची खोड.
टेबलावर असता तर मी उठलोच नसतो.
बापूनं दहाच ओढले, मोजलेही नाहीत,
आणि मीही नाही.

करंगळी आत घालून फिरवून बघितली.
कड जरा खरखरीत आहे.
सोमवारी पॉलिश पेपर मारायला पाहिजे.