खांड

जुईलीला शाळेत प्रकल्प मिळाला: बीव्हर.
रात्री साडेदहाला पुठ्ठा, फेविकॉल,
आइस्क्रीमच्या काड्या आणि मी.

"बाबा, पिल्लं दोन वर्षं घर सोडत नाहीत.
आधी नुसती बघतात.
मग काडी आणतात, चुकीच्या जागी लावतात.
कुणी ओरडत नाही."

माझा बाप ओरडायचा.
घणसोलीच्या खाजणात, उधाणाच्या आदल्या दिवशी,
कमरेएवढ्या चिखलातून:
"पेंढा आरवा घाल रं, आरवा!"
मी सहा वर्षांचा,
हातात भाकरीएवढा चिखलाचा गोळा.
मी थापायचो.
माझी पाठ वळली की तो काढून
पुन्हा थापायचा.
हे थोरल्या बहिणीनं सांगितलं, परवा.

"आणि पाणी गळल्याचा आवाज आला ना,
की उठतातच.
नुसता स्पीकर लावला
तरी त्याच्यावर चिखल टाकतात!"
ती खिदळली.

बांध गेला, त्यावर सेक्टर आला.
तरी बाप शेवटपर्यंत, सातव्या मजल्यावर,
अपरात्री उठून भिंती चाचपायचा:
"खांड परली, जोमाला हाक मार."
जोमा तर कधीच वारलेला.

दोनच्या सुमारास मोरीत टप, टप.
मी पांघरूण काढेपर्यंत
अंधारात लहान पावलं.
नळ करकरला.
थांबलं.

सकाळी बघतो तर नळाला
तिचा शाळेचा रुमाल, तीन गाठी,
आणि खालून थेंब चालूच.
ती बसमध्ये चढल्यावर
मी वॉशर बदलला,
आणि रुमाल होता तसा
बांधून ठेवला.