वर पाणी भरलं का?

सुकेशनीनं फोटो पाठवला इंग्लंडहून,
ड्यूटी संपल्यावर काढलेला :
समुद्राकाठी उभा कडा, कड्यावर रुळांच्या दोन जोड्या,
एक हिरवा डबा वर निघालेला, एक खाली.
सोबत एवढंच : मामा, हे आपलंच की.

आपलंच. फक्त त्यांच्याकडं तिकीट आहे.

यवतेश्वराच्या उतारावर आमची बारा घरं.
दस्तगीर वेल्डरनं भंगारातल्या अँगलचे रूळ केले,
साखर कारखान्याची जुनी पुली, एकच वायररोप,
रोपाच्या दोन टोकांना दोन डबे.
इंजिन कुठंय? तलाठ्यानं विचारलं.
वजन हेच इंजिन, भाऊसाहेब.

वरच्या डब्याच्या टाकीत झऱ्याचं पाणी सोडायचं.
जड झाला की तो सुटणार खाली,
आणि खालचा येणार वर :
रेशनचे गहू, सिलिंडर,
एकदा तर अंजिरा आत्या, प्लास्टरातल्या पायासकट.
खाली पोचलेलं पाणी मेथीच्या वाफ्याला.
मी वर, झऱ्याशी. खालून दस्तगीरची हाक :
वर पाणी भरलं का?
भरलं म्हणायचं, आणि ब्रेकचा दांडा सोडायचा.

मधोमध, करंजाच्या झाडापाशी, डबे शेजारून जात,
हात लांबवला तर पोचेल एवढ्यावरून.
तिथं चुन्याची डबी इकडची तिकडं झाली, उसनी साखर फिटली,
एक भांडण अर्धंच राहिलं
ते आजतागायत.

एप्रिलात झरा आटायचा.
मग पाण्याच्या जागी माणसं.
खाली कोण जातंय, हे आधी विचारायचं,
वर यायचं मागनं.
सुकेशनी नर्सिंगला निघाली तेव्हा
ती, तिची ट्रंक, पोचवायला निघालेली आई,
एवढ्या वजनावर आत्या वर आली,
मांडीवर नवं शिलाई मशीन.
करंजापाशी आत्यानं दहाची नोट पुढं केली.
सुकेशनीच्या बोटांना लागली, सुटली,
उतारावर गेली कुठंतरी.
डबा काही थांबला नाही.

आता चार घरं उघडी.
झऱ्याला पाणी आहे यंदा, मे लागला तरी.
रोप गंजलाय. दस्तगीरचा पोरगा म्हणतो, विकून टाका.

काय लिहावं तिला, सुचेना.
विचारलं : तिथं ब्रेक कुठल्या हाताला?
मधे एखादं झाड आहे का?

रात्री दोनला फोन उजळला :
झाड नाही, मामा. ब्रेक उजवीकडं.
मधे आले की लोक हात हलवतात,
ओळख नसली तरी.