खोली : नऊ परस

ट्यूबांवर बांधलेल्या बाजेवर आम्ही तिघं.
मधे पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर,
तासाला साठ रुपये, डिझेल आपलं,
त्याच्यासोबत आलेला मिस्त्रीचा पोरगा प्रणित,
त्याला पाण्याकडे बघवत नाही.
हिरवी नळी बाबाच्या तोंडात,
दोरीचं टोक माझ्या मनगटाला.
एक हिसका : बरं आहे.
दोन : ढील दे.
तीन : ओढ.
चारचं काही ठरलेलं नव्हतं.

कॉलेजच्या नरनवरे मॅडमनी सात बाटल्या दिल्यात.
प्रत्येकीवर चिकटपट्टी :
तारीख, ठिकाण, खोली, काय आढळलं.
बाबाला वाचता येत नाही आणि खाली अंधार,
म्हणून मी झाकणांना सुतळीच्या गाठी मारल्या.
सातव्या बाटलीला सात.

काल रात्री फोनवर त्याला समुद्र दाखवला.
पाठीवर टाक्या घेऊन उतरणारी माणसं,
आणि तो मासा, स्वतःच्या कपाळावर कंदील धरून फिरणारा.
बाबानं तीनदा पाहिला.
मग तंबाखू मळत म्हणाला,
"बत्ती घेऊन गेल्यावर अंधारातलं का दिसन?
खाली डोऱ्यानं नाई दिसत, पोरी.
हातानं दिसते."

उरकुडा दिघोरेचा हात. पंचक्रोशीत नाव आहे त्याचं.
ठाण्यातून फोन येतो तो बुडालेल्यांसाठी.
जिवंत काही शोधायला
आज पहिल्यांदा बोलावलंय त्याला कुणी.

मी पुनर्वसनाच्या टिनाखाली जन्मले.
मोहटोला मला दोरीच्या मापानं माहीत :
दोन परसांवर चिंचेचा वठलेला शेंडा,
चारावर शाळेचा स्लॅब,
चौथीच्या वर्गात शिंगटे मासे, मागच्या बाकाशी वांब.
सहावर रस्ता, अजून डांबरी, म्हणतो बाबा.
आणि रस्त्याच्या कडेला विहीर.
पाण्याच्या आत विहीर.
कठड्याच्या आत हात घातला की पाणी बदलतं, म्हणतो,
वरचं धरणाचं,
आतलं आपलं, गार,
वीस वर्षं झाली, मिसळलं नाही.

सात परस. आठ. दोन हिसके, ढील.
नऊवर दोरी थांबली.
कॉम्प्रेसर खोकला. प्रणितनं त्याच्या पाठीवर थाप मारली.
मग हिसके आले,
एक, दोन, तीन,
मी पाय रोवले ओढायला,
चार.

चार म्हणजे काय?
दोरी माझ्या हातात अक्षरासारखी वळवळली
जे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.
मी ओढली नाही. का, ते आजही सांगता येत नाही.

तो आला तेव्हा नाकातून थोडं रक्त, आणि हसत होता.
सात गाठींच्या बाटलीत गढूळ पाणी.
गाळ बसला तसं दिसलं :
रुपयाएवढं, काचेचं, हाडं नाहीत, डोकं नाही,
मिटतं, उघडतं,
मिटतं.
"पान्याले पापनी असते," बाबा म्हणाला.
"अन् चार हिसके कायचे?"
"दाखवाले कोनी नोयतं तिथं."

रात्री मी चिकटपट्टी भरली.
ठिकाण : मोहटोला (विहीर).
तलाठ्याच्या कागदावर हे गाव नाही, तरी लिहिलं.
खोली : नऊ परस.
काय आढळलं, तिथे जागा कमी होती,
पेन तसंच धरून झोपले.

सकाळी बाटलीत पाणी होतं. नुसतं पाणी.
मॅडमनी उजेडात धरून फिरवली, वहीत काही लिहिलं,
खोडलं.
बाबा दारात बसून झाकणाच्या गाठी सोडत होता,
सुतळी वाया जाऊ नये म्हणून.
शेवटची सुटेना.
त्यानं दातात धरली.