अंकल म्हण

मंगळवारी साडेदहाला एल्डन राउश येतात.
वय शहाऐंशी, उजवा खांदा.
मी कोपर धरून त्यांचा हात बाहेर वळवते, हळूहळू,
कोनमापक लावून.
पासष्ट अंश. सत्तर.
बहात्तरला ते डोळे मिटतात
आणि म्हणतात, "अंकल."

पहिल्यांदा मी दाराकडे पाहिलं होतं.
वाटलं, कुणी न्यायला आलंय.

मग त्यांनी सांगितलं. इथे आयोवात
मुलगा मुलाच्या छातीवर बसतो, हात पिरगाळतो,
अंकल म्हण, म्हणतो.
म्हटलं की सुटका.
मी मनात शब्द लावत राहिले :
नांगी टाकली, हात टेकले, दाती तृण धरलं.
आमच्याकडे शरण जायला विंचू लागतो, गाय लागते.
यांना काका पुरतो.

पण काकाच का?
हे मी वेटिंग रूममध्ये विचारलं आणि पस्तावले.

मिस थिओडोरा, चाळीस वर्षं ग्रंथपाल, गुडघा नवा,
म्हणाल्या, रोम.
तिथली पोरंही म्हणे हेच ओरडायची,
बापाखालोखाल मान काकाचा.
"म्हणे," त्यांनी बोट वर केलं, "पुरावा नाही."
खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, छे, आयरिश.
अभय मागायचा एक जुना शब्द होता,
बोटीतून उतरला,
आणि इथल्या कानांनी त्याचा अंकल केला.
ध चा मा, मी मराठीत पुटपुटले.
काय म्हणालीस, असं कुणी विचारलं नाही.

एल्डन म्हणाले, पोपट.
त्यांच्या आजोबांच्या काळातला, वर्तमानपत्रातला विनोद :
एकजण पोपटाला शिकवतो, अंकल म्हण.
पोपट ढिम्म.
मान पिरगाळून फेकतो त्याला खुराड्यात.
थोड्या वेळाने जाऊन बघतो
तर कोंबड्या मरून पडलेल्या,
आणि पोपट शेवटचीचा गळा आवळून
विचारतोय, अंकल म्हण.

सगळे हसले. मीही.
आत येऊन टेबलावर चादर पसरेपर्यंत
त्या कोंबड्या डोक्यातून गेल्या नाहीत.

खांद्याची गोष्ट त्यांनी पुढच्या मंगळवारी सांगितली,
छताकडे बघत.
एक्केचाळीसचा उन्हाळा, मस्काटीन, नदीकाठ.
बटणांच्या कारखान्यामागे शिंपल्यांचा ढीग,
प्रत्येक शिंपल्यात गोल भोकं,
बटणं निघून गेलेली.
त्या ढिगावर पाठ, छातीवर मर्ल कीफ.
म्हण.
आणि कुंपणापलीकडे जेवणाचा डबा घेऊन
ऑटो अंकल,
ज्यांच्या घरात बाप गेल्यापासून एल्डन राहत होते,
ज्यांचा पाव खात होते, कधी पट्टा.
डबा उघडत नव्हते. बघत होते.

"त्यांच्यादेखत तो शब्द कसा म्हणणार?
ऐकून ते आले असते.
किंवा आले नसते."

नऊ वर्षांच्या मुलाने दात आवळले.
आत कुठेतरी सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला.
मर्लच घाबरून उठला.
कुंपणापाशी तोवर कुणी नव्हतं,
जेवणाची सुट्टी संपली होती.

मला शाळेतलं आठवलं,
दालनांतून धावणारी पावलं, मागे तलवारी,
काका, मला वाचवा.
आम्ही ते खेळात ओरडायचो,
गुदगुल्या झाल्या की, हसून हसून लोळत.
तो अठरा वर्षांचा असेल, फार तर.
त्याने तो शब्द म्हटला होता.
काकाही तिथेच होता.

"आमच्याकडेही एकाने हाक मारली होती," मी म्हणाले.
एल्डननी मान वळवली.
"मग? सोडलं?"

"खांदा सैल ठेवा," मी म्हणाले.
"अजून थोडं.
दुखलं की सांगा."

चौऱ्याहत्तर.
ते काही बोलले नाहीत.
पंच्याहत्तर.