तातडीचं

मामांचा अंगठा यंत्राला कळत नाही.
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं साचे भरले,
तापल्या वाळूनं रेषा खाऊन टाकल्या.
रेशन दुकानदार म्हणतो, पुसा आणि परत ठेवा.
सासरे लेंग्याला अंगठा पुसतात, परत ठेवतात.
यंत्र लाल.

म्हणून त्यांच्या फोनला आकडे लावायचे ठरले.
जन्मतारीख लावू का, तर म्हणाले, ती मास्तरांची हाय.
एक जून. अख्ख्या दुधाळीची एकच.
माझा टोकन नंबर घाल.
शून्य चार एक सात.

रविवारी ट्रंक काढली.
एकोणीसच्या पुराची रेघ अजून तिच्या पत्र्यावर.
आत एकेक कागद गोकुळच्या रिकाम्या पिशवीत,
धुतलेल्या, वाळवलेल्या,
मेणबत्तीवर तोंड चिकटवलेल्या.
ते पिशवी फोडायचे, कागद खाटेवर धरायचे,
मी फोटो काढायची.
रेशन कार्डावर बंडा जोती चौगले.
फंडाच्या पावतीवर बंडू ज्योतिबा.
आधारवर बंडोबा जोतिराम,
आणि आडनावात कुणीतरी घुसडलेला एक उकार.
तीन मानसं, म्हणाले, आनि पगार एकच.

पंख्यानं उडू नये म्हणून दाबून धरलेलं
प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट.
बोट कापता येतं, मी म्हटलं.
ऱ्हाऊ दे बाई, आधीच अर्धं मशिनीत गेलंय.

मग विचारलं, फोन बुडला तर?
म्हटलं, फोनमध्ये नसतंच हे, वर असतं.
वर म्हंजे कुटं?
मी नुसतंच बोट वर केलं.
त्यांनी त्या दिशेला माळ्याकडं बघितलं.
तितं बी आलं हुतं पानी, म्हणाले,
आणि जुने कागद नव्या पिशव्यांत घालायला बसले.

कार्तिकात एका रात्री अडीचला त्यांचा श्वास अडकला.
नवरा गोकुळ शिरगावला रात्रपाळीला.
शेजारच्या अस्लमनं रिक्षा काढली.
ट्रंकेची किल्ली मामांच्या करगोट्याला,
आणि करगोटा सीपीआरच्या स्ट्रेचरवरून आत गेलेला.
काउंटरवरची पोरगी विचारत होती,
गोळ्या कुठल्या, रक्तगट काय, कशाची ॲलर्जी.
मला त्यांचा रक्तगट माहीत नव्हता.
अकरा वर्षं ताट वाढते आहे, बिनमिठाचं,
चहा किती कडू हवा ते माहीत होतं.

शून्य चार एक सात.
पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा उघडलं.
चौदावा फोटो:
पुरात शाई उतरलेली डॉक्टरांची चिठ्ठी.
दोन बोटांनी ताणली, अजून ताणली,
तेव्हा निळ्या ढगातून अक्षरं वर आली,
पेनिसिलीन देऊ नये.
खाली ते अर्धं बोट, कागद दाबून.
नाव काय लावू, तिनं विचारलं.
मी म्हटलं, कुठल्या कागदावरचं?

नवव्या दिवशी घरी आले.
चहा झाला, औषधं झाली,
मग करगोट्याची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.
आजवर ती कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती.
तळाशी, वर्तमानपत्राखाली, अजून एक पिशवी.
त्या दिवशी मला दाखवली नव्हती.

आत कॅलेंडरचं एक पान.
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलच्या उभ्या रेघा,
पाचपाचाचे गठ्ठे, जमिनीकडं झुकलेले.
सासूबाईंना लिहिता येत नव्हतं.
दुधाचा हिशेब हा, मामा म्हणाले,
तिच्या हातचं एवढंच.

सतराव्या जागी रेघ नव्हती.
त्या दिशी भांडलो हुतो.
चा केलाच न्हाई तिनं.

पान खाटेवर ठेवलं, कोपरा दाबला.
पंखा बंद होता तरी दाबला.
मी फोटो काढला. कुठं ठेवू, विचारलं.

कुटं म्हंजे?
तातडीच्यात.