बांधाला पोट

कुरुंदखेड, गट नंबर एकशे बारा.
शेषेराव आणि मुंजाजी, सख्खे भाऊ,
बांधाच्या दोन अंगांना उन्हात उभे,
एकमेकांकडे पाठ करून.
अर्ज असा, की मधला बांध सरळ नाही.
ओढ्याकडून नीट येतो,
अर्ध्यावर मुंजाजीच्या रानात पोट काढतो,
पुन्हा नीट होतो.
पोटात गुंठाभर तूर मावते.
फी भरलेली आहे. तातडीची मोजणी.

मी मशीन लावलं.
उपग्रह सापडेपर्यंत पिशवीतली नक्कल काढली.

हिंगोलीच्या छावणीत एक गोरा डॉक्टर होता.
पलटणीला ताप नसेल त्या दिवशी
घोड्यावरून धोंडे मोजत हिंडायचा.
त्याच्या वहीचं एक पान आमच्या बस्त्यात कसं आलं
कुणालाच माहीत नाही.
कुण्या शिरस्तेदारानं मराठी करून ठेवलंय,
जांभळ्या शाईत:

कुरुंदखेडच्या पांढरीबाहेर, कयाधूच्या वरच्या अंगास,
काळ्या धोंड्यांची रिंगणे. एकूण एकेचाळीस.
रयत त्यांस भुतांची खळी म्हणते.
सतराव्याचा घेर माझी सहासष्ट पावले.
पहिले उकरले. मडकी, गंजका लगाम,
माणसाची मांडी. पाय उत्तरेस.
बाकीची येत्या थंडीत.

येत्या थंडीत तो नव्हता.
पटकीनं नेला, असं खाली बारीक अक्षरात.

एक त्यानं मोडलं आणि लिहिलं.
चाळीस मोडली, त्यांचं कुणी काही लिहिलं नाही.

क्रशरच्या फाटकावर यल्लाप्पा धोत्रे बसतात,
ऐंशीच्या पुढचे. सकाळी त्यांना विचारलं होतं.
"आमच्या आज्यानं फोडली, बाई.
पूर्णेकडून रुळाची लाईन आली तवा.
पयलं सुपारी ठिवायचा धोंड्यावर.
म्हणायचा, माफी कर, पोटासाठी हाय.
मंग घण.
काळा धोंडा वरडत न्हाई. शिट्टी देतो."
मग माझ्या बुटांकडं बघत म्हणाले,
"काई शाळंच्या भितीत बी हायत. वळखू येनार न्हाईत."

मशीन अजून शोधतंच होतं.
मी बांधाच्या पोटावरून चालत गेले, मोजत.
वळण सुरू झालं तिथून संपलं तिथवर
अडतीस.
त्याच्या हिशोबानं अर्धा घेर तेहतीस हवा.
त्याच्या टांगा लांब असतील,
किंवा ढेकळांतून माझं पाऊल आखूड पडलं असेल.
दुसरी पट्टी नाही.
जी होती ती छावणीच्या कबरस्तानात पुरलेली.

कुणाच्या तरी पणज्यानं
खळ्यात नांगर घालायला नको म्हणून
बैल वळवले असतील.
धोंडे गेले. बैल वळत राहिले.
बैल विकले. ट्रॅक्टर आला.
ड्रायव्हर पोरगा सोलापूरकडचा, त्याला कशाचा पत्ता नाही.
तोही वळतो,
कारण बांध वळतो.

"इथं आधी काही होतं का?"
दोघंही एकदमच म्हणाले, "काई नव्हतं."
सहा वर्षांत पहिल्यांदाच, मागून कळलं,
दोघांचं एक उत्तर आलं.

मशीन वाजलं. रेघ सरळ आली.
मी चुन्याची पिशवी मागवली.
फक्की पोटाच्या बरोबर मधून गेली,
तुरीच्या तासांना आडवी.
उत्तरेला मुंजाजी.
खाली कुणी अजून असलंच
तर पाय त्याच्या वाट्याला गेले,
डोकं शेषेरावांकडे राहिलं.

शेऱ्याच्या रकान्यात दीड ओळीची जागा असते.
तिथं आम्ही "निरंक" लिहितो.
आज पेन तिथंच थांबून राहिलं,
शाईचा एक ठिपका झाला, फुगत गेला.

दोघांनी सह्या केल्या.
मुंजाजीनं चंची सोडली,
अख्खी सुपारी पुढं केली, अडकित्ता शोधू लागला.
मी सुपारी खात नाही.
म्हटलं, फोडू नका,
आणि तशीच घेतली.